मिठागरांच्या गावी हॅलोजन

रसायनशास्त्राच्या अध्यापक बंधुभगिनींनो,

आपण रायगडच्या मिठागरांच्या पट्ट्यात जमलो आहोत. हॅलोजनांवर बोलायला याहून योग्य जागा मला सुचत नाही. मीठ काढून घेतल्यावर आगरात जे कडू पाणी उरतं, त्यात ब्रोमाइड साठलेलं असतं. फ्रान्समध्ये मोंपेलिएजवळच्या मिठागरांतल्या अशाच पाण्यात तरुण रसायनशास्त्रज्ञ बालार यांनी क्लोरीन वायू सोडला, पाण्याला तांबूस-पिवळा रंग चढला आणि 1826 मध्ये ब्रोमीन जगापुढे आलं. रसायनशास्त्रज्ञ लीबिख यांच्याकडे तोच द्रव आधीपासून बाटलीत होता. त्यांनी तो आयोडीन क्लोराइड समजून तशी चिठ्ठी लावली होती. क्लोरीन आणि आयोडीन यांच्या संयुगाचा भास व्हावा, इतके ब्रोमीनचे गुण त्या दोघांच्या मधले आहेत.

फ्लोरीन उणे 188 अंश सेल्सिअसला उकळतं, क्लोरीन उणे 34, ब्रोमीन 59 आणि आयोडीन 184 अंशांना. गणात खाली जावं तसे रेणूतले इलेक्ट्रॉन वाढतात आणि रेणूंमधलं क्षीण आकर्षण बळावतं. म्हणून एकाच खोलीत हिरवट-पिवळा वायू, लालसर तपकिरी द्रव आणि चकाकणारे काळसर स्फटिक शेजारी शेजारी ठेवता येतात. आवर्तसारणीत असं दृश्य दुसऱ्या कुठल्या गणात नाही, आणि आपण ते फळ्यावर तक्ता काढून उरकतो!

फ्लोरीनचं तर आपण फारच थोडं सांगतो. क्लोरीनच्या रेणूतला बंध तोडायला मोलमागे सुमारे 243 किलोज्यूल लागतात, फ्लोरीनला जेमतेम 159. फ्लोरीनचे अणू इतके लहान की दोन्ही अणूंच्या एकाकी इलेक्ट्रॉन-जोड्या एकमेकींना रेटतात. ‘वरून खाली कमी होतं’ एवढंच पाठ केलेल्या विद्यार्थ्याला फ्लोरीनची ही दाहक क्रियाशीलता कशी कळणार?

आयोडीन वितळतच नाही, असंही अजून शिकवलं जातं. ते वितळतं. परीक्षानळीत नीट तापवलं की 114 अंशांना स्फटिकांचा काळपट द्रव होतो आणि वर जांभळी वाफ दाटते. दुपारच्या सत्रात हे प्रत्यक्ष दाखवणार आहोत. ब्रोमीनची कुपी धूरकपाटातच उघडली जाईल, शेजारी थायोसल्फेटचं द्रावण तयार आहे. हातमोजे आणि चष्मा घालूनच आत यावं, ही कळकळीची विनंती.

संमेलनाध्यक्षांनी आता सूत्रं हाती घ्यावीत.