मूठभर पाने
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणावरून)



वर्धापनदिनाच्या निमित्ताने दोन शब्द बोलावेत, असे समितीने मला सांगितले. मी एका रोजच्याच गोष्टीवर बोलणार आहे. दिवसभर आपल्या डोळ्यांवर आणि कानांवर जी माहिती येऊन आदळते, तिचं आपण काय करायचं, एवढाच माझा विषय आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. त्या काळात आपल्या समाजापुढे अडचण होती ती अक्षरांच्या दुष्काळाची. आपलं दुःख छापायला जागा नव्हती, छापलं तर वाचणारे थोडे होते. आज अडचण उलटी झाली आहे. सकाळचा चहा व्हायच्या आत मोबाईलवर मेसेजचा ढीग पडतो. त्यात बुद्धवचन असतं, बाबासाहेबांचा फोटो असतो, औषधाचा उपाय असतो, कुणाची निंदा असते आणि अफवाही असते. सगळं एकाच रांगेत, एकाच मापाचं. आपण वाचतो आणि अंगठ्याने पुढे ढकलतो.

यात काय बिघडलं, असं कोणी म्हणेल. बंधूंनो, १ जुलै २०१८ ची गोष्ट आठवा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला गेली होती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून त्या भागात पसरली होती. जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारलं. पोटासाठी गाव सोडून आलेली भटकी माणसं ती! मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना वाटलं असेल, आपण लोकांना सावध करतो आहोत. त्याच महिन्यात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने भारतात जाहीर केली. पण खोटं पाच ठिकाणी पाठवलं तरी ते खोटंच. यावरची खरी मर्यादा कंपनी घालू शकत नाही, ती आपली आपणच घालायची असते.

ती कशी घालायची? तथागतांनी हे शिकवून ठेवलं आहे.

संयुत्त निकायात सिंसपा सुत्त आहे. भगवान कोसंबीला सिंसपा वनात होते. त्यांनी काही पाने हातात घेतली आणि भिक्खूंना विचारलं, हातातली पाने जास्त की वनातली? भिक्खू म्हणाले, वनातली. तेव्हा भगवानांनी सांगितलं, मला जे कळलं ते वनातल्या पानांइतकं आहे, तुम्हाला सांगितलं ते या हातातल्या पानांइतकं. न सांगितलेलं काही खोटं नव्हतं. पण त्याने दुःख संपत नाही, म्हणून ते सांगितलं नाही. ध्यानात घ्या, सगळं माहीत असण्याला त्यांनी प्रज्ञा म्हटलं नाही. माणसाच्या दुःखाला उपयोगी पडेल ते निवडून घेणं, ही प्रज्ञा.

आता निवडायचं कसं? महापरिनिब्बान सुत्तात भोगनगरचा प्रसंग आहे. कोणी म्हणेल, हे मी प्रत्यक्ष बुद्धांच्या तोंडून ऐकलं. कोणी संघाचं नाव सांगेल, कोणी विद्वान थेरांचं. अशा वेळी लगेच मान डोलवू नका आणि लगेच झिडकारूही नका, असं भगवानांनी सांगितलं. ते शब्द नीट समजून घ्या, सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहा. जुळले तर घ्या, नाही जुळले तर सोडा. सांगणाऱ्याचं नाव कितीही मोठं असो, ताडून पाहणं सुटलेलं नाही.

बाबासाहेबांनी हेच काम केलं. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, 'द बुद्धा अँड हिज धम्मा' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बुद्धांच्या नावावर नसलेली मतं कशी चिकटली, याची उदाहरणं त्यात आहेत. मग खरं बुद्धवचन ओळखायचं कसं? बाबासाहेब कसोट्या देतात. ते बुद्धीला पटतं का? माणसाच्या कल्याणाशी त्याचा संबंध आहे का? आणि जिथे निश्चित सांगता येत नाही, तिथे बुद्धांनी आपलं मत अंतिम म्हणून मांडलं नाही, हेही ध्यानात ठेवा. ज्या बाबासाहेबांनी बुद्धवचनाला कसोटी लावली, त्यांच्याच नावाने आलेला मजकूर आपण न तपासता पुढे पाठवायचा, हे त्यांच्या अनुयायांना शोभत नाही.

सम्राट अशोकाचा बैराटजवळ सापडलेला एक शिलालेख आहे. भगवानांनी सांगितलेलं सगळंच सुभाषित आहे, असं त्यात सम्राट म्हणतो. तरीही तो सातच धम्मपर्याय नावानिशी निवडतो आणि भिक्खू-भिक्खुणी, उपासक-उपासिकांनी ते वारंवार ऐकावेत, अशी इच्छा व्यक्त करतो. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा धनी, पण यादी सातांची! त्या सातांत राहुलाला केलेला खोटं बोलण्याविषयीचा उपदेश आहे. त्या उपदेशात आरशाचा दृष्टांत येतो. आरसा जसा पाहण्यासाठी, तसं प्रत्येक कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर पाहावं. याने मला, दुसऱ्याला त्रास होईल का? मेसेज पाठवणं हे वाचेचंच कर्म आहे. चौथं शील तिथेही लागू आहे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण ग्रंथवाचन करतो. यंदा पानं कमी वाचा, पण वाचलेल्यावर पाव तास बोला. आयाबहिणींनी प्रश्न विचारावेत, पोरांनी उत्तरं शोधावीत.

दुसरी सूचना. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासन १९७९ पासून प्रसिद्ध करत आलं आहे. अठराव्या खंडात त्यांची मराठी भाषणं आहेत. हे खंड विहाराच्या कपाटात हवेत, आणि कपाटाची किल्ली हाताशी हवी.

तिसरी. दर रविवारी वंदनेनंतर, बुद्धांच्या किंवा बाबासाहेबांच्या नावाने आलेला एक मेसेज दोन तरुणांनी तपासावा. सापडला तर सुत्ताचं नाव किंवा खंड आणि पान बाहेरच्या फळ्यावर लिहावं. नाही सापडला, तर 'आधार सापडला नाही' एवढंच लिहावं. मेसेज पाठवणाऱ्याची टिंगल करू नये, तो आपलाच माणूस आहे.

वर्षाला असे पन्नास-एक मेसेज तपासून होतील. वनाच्या मानाने हे काहीच नाही. पण ही मूठभर पाने आपण स्वतः पाहून घेतलेली असतील, आणि आपल्या लेकरांच्या हातात निर्धास्तपणे देता येतील.

एवढं बोलून मी थांबतो. सर्वांचं मंगल होवो.

नमो बुद्धाय! जयभीम!