'लाइन' : एका परक्या शब्दाचा संसार



मोताळा तालुक्यांतील धामणगांव बढे येथें सायंकाळीं कोणी दारांतून 'लाइन आहे का?' असें विचारलें, तर त्याला काय हवें आहे हें ओळखणें सोपें नाहीं. तो विजेविषयीं विचारीत असेल, दूरध्वनीविषयीं विचारीत असेल, किंवा धान्याच्या दुकानापुढें रांग कितपत आहे, एवढेंच त्याला जाणून घ्यावयाचें असेल.

या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंतील 'लिनुम' या शब्दांत आहे, आणि लिनुम म्हणजे जवसाचें झाड. त्याच्या वाखाचा दोरा तो 'लिनेआ'. दोरा ताणून सरळ रेघ आंखतात, म्हणून पुढें रेघेलाहि तेंच नांव मिळालें. आपला गवंडी आजहि दोरी लावूनच भिंत उभारतो. तेव्हां अर्थाची ही वाट आपल्याला अनोळखी नाहीं. ज्या वऱ्हाडांत जवसाची चटणी भाकरीबरोबर खातात, तेथें जवसाचा हा वंशज आगगाडींत बसून यावा, याची मोठी गंमत वाटते. आगगाडींत म्हणण्याचें कारण असें कीं, मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्यें नागपुरास पोंचला व १८७० मध्यें जलंबहून खामगांवास कापसासाठीं फांटा निघाला. त्या रुळांबरोबरच हा शब्द इकडील खेड्यांत शिरला असावा.

मराठीनें त्याला लगेच घरांत घेतलें. ओळ, रांग, रेघ या स्त्रीलिंगी, म्हणून लाइनहि स्त्रीलिंगी झाली. तिच्या 'लाइनी' झाल्या. शिपायांच्या वस्तीला पोलीस लाइन म्हणूं लागले. मुलानें पुढें काय शिकावयाचें ठरविलें, हें 'कोणती लाइन धरली?' या प्रश्नानें विचारूं लागले. तरुणांच्या तोंडीं तिचा आणखी एक अर्थ आहे. तो ठाऊक नसलेला श्रोता मिळणें कठीण, म्हणून सांगत बसत नाहीं.

परंतु विजेच्या बाबतींत ही गंमत राहत नाहीं. शेतीपंपाची वीज आठवड्याच्या पाळीनें कधीं दिवसा, कधीं रात्रीं, हें शेतकऱ्यानें कित्येक वर्षें अनुभवलें आहे. 'लाइन रात्रीची आहे' या तीन शब्दांत त्याची झोंप, थंडींतील ओलीत आणि अंधारांतील साप हें सर्व येतें. शिवाय गांवठाणाची वाहिनी वेगळी व शेतीची वेगळी असते. दुरुस्तीसाठीं कोणी खांबावर चढला असतां 'लाइन बंद आहे' एवढेंच सांगून भागत नाहीं. कोणती बंद, हें न सांगितल्यास जिवावर बेततें. सरकारी मराठींत वीजवाहिनी, लोहमार्ग, रांग असे निरनिराळे शब्द आहेत. ते कोरडे वाटतात खरे, पण खांबाखालीं उभें राहून बोलतांना नेमका शब्दच बरा.

माधव जूलियनांनीं १९३८ मध्यें 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परकीय शब्दांचा प्रश्न मांडला होता. लाइन हा शब्द हद्दपार करावा असें मला वाटत नाहीं, आणि तो जाणारहि नाहीं. चिंता वाटते ती त्याच्या शेजाऱ्यांची. पाभरीनें पडते ती काकर, पाणी खेळवावयाची ती सरी, कपाशींत तुरीची जी ओळ पेरतात तें तास. आतां पुष्कळ ठिकाणीं या तिन्हींना लाइनच म्हणतात, आणि शेतकऱ्याच्या धाकट्या मुलाला तास म्हटलें कीं घड्याळ आठवतें.