सर्टिफिकेट भिंतीवर, पोरं काउंटरवर

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे, आधीच सांगून टाकते. किराणा दुकानं, डेअऱ्या, सुपरमार्केट आणि दहा मिनिटांत तुमच्या दारात दही पोचवणारी ती गोदामं, या सगळ्या ठिकाणी काम करणाऱ्यांचं फूड सेफ्टीचं ट्रेनिंग. मी पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागात हे ट्रेनिंग घेते. तुमच्यापैकी काही जण कॉलेज सांभाळून अशाच ठिकाणी शिफ्ट करत असणार, म्हणून हा भाग मुद्दाम करतेय.

आधी कायद्याचं पटकन उरकूया. मूळ कायदा 2006 चा, अन्न सुरक्षा आणि मानके कायदा. त्याखाली 2011 मध्ये परवान्याचे आणि नोंदणीचे नियम आले आणि त्यांच्या अनुसूची 4 मध्ये स्वच्छतेचं सगळं लिहून ठेवलंय. माल जमिनीवर टेकवायचा नाही, हात कधी धुवायचे, कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, असं बरंच. मग 2017 मध्ये एफएसएसएआयनं फोस्टॅक नावाचा ट्रेनिंगचा कार्यक्रम सुरू केला. कल्पना अशी, की दर 25 कामगारांमागे निदान एक तरी शिकलेला फूड सेफ्टी सुपरवायझर असावा आणि त्यानं बाकीच्यांना शिकवावं. बेसिक कोर्स एका दिवसात आटोपतो, सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं.

कल्पना चांगलीच आहे. पण कोर्सला पाठवतात कुणाला? मालकाच्या पुतण्याला, नाहीतर अकाउंट बघणाऱ्याला. कारण तो सुट्टीच्या दिवशी मोकळा असतो आणि त्याला ईमेल येतो. मग सर्टिफिकेटला फ्रेम होते, ते 14 अंकी परवान्याच्या शेजारी, गणपतीच्या फोटोखाली लटकतं. आणि पहाटे साडेपाचला शटर उघडून दुधाचे क्रेट उतरवून घेणारा जो पोरगा असतो, त्याच्यापर्यंत त्यातलं एक वाक्यही पोचलेलं नसतं.

म्हणून मी दुकानातच जाऊन सेशन घ्यायला सांगते. हॉल नको, प्रोजेक्टर नको. स्लाइडवर जंतूचं चित्र आलं, की रात्रपाळी करून आलेल्या पोरांचे डोळे मिटायला लागतात. त्यांचं चूक नाहीये. मी पनीरची दोन पाकिटं समोर ठेवते आणि विचारते, यातलं पुढे कुठलं लावाल? बहुतेक जण म्हणतात, जे आधी आलं ते. फिफो सगळ्यांना माहीत असतं: आधी आलेलं आधी बाहेर. मग मी तारखा वाचायला लावते. काल आलेल्या पाकिटाची तारीख परवा आलेल्या पाकिटाच्या आधी संपतेय! डिस्ट्रिब्युटरनं जुना लॉट नंतर पाठवला, असं सर्रास होतं. म्हणून खाण्याच्या मालाला फेफो लागतं, जे आधी संपणार ते आधी बाहेर. एवढं एक जरी डोक्यात बसलं, तरी माझा निम्मा दिवस वसूल होतो.

पुढची गोष्ट थंडाव्याची, आणि इथं मी जास्त वेळ घालवते. थंड माल 5 अंशांच्या आत, फ्रोझन माल उणे 18 ला, गरम पदार्थ 60 च्या वर. 5 ते 60 च्या मधला जो पट्टा आहे, त्यात जंतू जोरात वाढतात. हे पाठ सगळ्यांचं होतं. पण दुकानात घोटाळा कुठे होतो बघा. गाडी येते, पनीर-दह्याचे क्रेट फुटपाथवर उतरतात, चलन जुळवायला माणूस नसतो, ते तिथंच बसतात. एप्रिल-मे मध्ये पुण्यात सकाळी नऊला काय ऊन असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मग तोच माल चिलरमध्ये जातो, ग्राहकाला हाताला गार लागतो, पण मधल्या वेळेत जे वाढायचं ते वाढलेलं असतं. परत गार केल्यानं ते कमी होत नाही, फक्त थांबतं.

आणि तो उघडा चिलर! त्यात वरून खाली थंड हवेचा पडदा सुटतो आणि खालच्या जाळीतून परत आत ओढला जातो. आत एक रेषा असते, तिच्या बाहेर माल लावायचा नसतो. ऑफर असली, की ताकाच्या पिशव्या जाळीवरच रचतात. झालं, पडदा मोडला. वरच्या डिस्प्लेवर आकडा 4 दिसतो, कारण तो मशीनमधल्या हवेचा आकडा आहे. पुढच्या पिशवीला हात लावा, कळेल. मी दोन पिशव्यांच्या मध्ये थर्मामीटर ठेवायला लावते आणि जो आकडा येतो तो पोरांनाच मोठ्यानं वाचायला सांगते. त्यानंतर मला काही बोलावं लागत नाही.

तारखांचंही एक सांगते, हे ग्राहक म्हणूनही कामाचं आहे. 'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' उलटली, की तो माल विकायचा नाही, विषय संपला. 'बेस्ट बिफोर' ही दर्जाची तारीख आहे, त्यानंतर बिस्कीट मऊ पडेल, विषारी होईलच असं नाही. 2020 च्या लेबलिंगच्या नियमांत एक्सपायरी सक्तीची झाली आणि बेस्ट बिफोर ऐच्छिक. सुट्ट्या मिठाईच्या ट्रेवर तारीख लावायची सक्तीही 2020 चीच, 1 ऑक्टोबरपासूनची. बघा तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात लावतात का. आणि हो, वर्तमानपत्रात खाण्याचा पदार्थ गुंडाळायला बंदी आहे. वडापावचं नाव मी घेत नाही, भांडणं होतात.

आता मुद्द्याचं. एका सेशनला एक मुलगा शेवटपर्यंत गप्प होता. विशीचाही नसेल. सगळे उठायला लागल्यावर म्हणाला, "मॅडम, संपलेलं दही मी शेल्फवरून काढलं, तर त्याचे पैसे कुणाचे कापणार?"

तो मालक तिथं नव्हता. बाकीची पोरं हसली, पण ते हसणं कसलं होतं ते मला कळलं. त्या दुकानात संपलेल्या मालाचं नुकसान त्या रॅकच्या मुलाच्या पगारातून जायचं. आता सांगा, मी त्याला दिवसभर फेफो शिकवलं, तारखा वाचायला शिकवल्या. त्याचा उपयोग तो कशासाठी करणार? तारीख उलटलेला डबा मागे सरकवायला, किंवा आज-उद्या संपणारा डबा घाईत असलेल्या काकूंच्या पिशवीत घालायला. ट्रेनिंगनं तो हुशार झाला, माल सुरक्षित झाला नाही.

आजारपणाचंही तेच. जुलाब, कावीळ असताना खाण्याच्या मालाला हात लावायचा नाही असा नियम आहे. पण सुट्टी घेतली, की दिवस बुडतो. मग तो पोट दाबून येतो आणि कुणाला सांगत नाही.

पगार कापण्याबद्दल कायदा काय म्हणतो, तेही ऐकून ठेवा. नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झालं असेल तरच कापता येतं, आणि त्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. दही आपोआप जुनं होतं. जास्त ऑर्डर मालकानं दिली असेल, तर त्यात पोराचा हलगर्जीपणा कुठला?

तेव्हापासून माझी एक अट आहे. शेवटचा अर्धा तास मालक किंवा मॅनेजर खोलीत बसणार, नाहीतर मी सेशन घेत नाही. त्या अर्ध्या तासात मी शिकवत काहीच नाही. तीन प्रश्न विचारते आणि उत्तरं सगळ्यांसमोर वहीत लिहून घेते. माल शेल्फवरून काढायचा अधिकार कुणाला? माझा आग्रह असतो, की ज्याच्या हाताला तो लागला त्याला, विचारायची गरज नको. काढलेल्या मालाचं नुकसान कुठल्या खात्यावर? दुकानाच्या. आणि तारीख जवळ आलेल्या मालाचं करायचं काय? स्वस्त लावायचा, की डिस्ट्रिब्युटरला परत? परत घेणारे बरेच असतात, पण मुदतीत कळवावं लागतं, आणि कळवणार कोण तर तोच, जो रोज रॅक बघतो.

काही मालक चिडतात. एक जण म्हणाले, "मॅडम, असं सांगितलंत तर पोरं अख्खं दुकान बाहेर काढून ठेवतील." मी म्हटलं, महिनाभर वही ठेवून तर बघा. एका डेअरीवाल्या काकांनी ठेवली. पंधरा दिवसांनी त्यांचा घाबरून फोन, "अहो, रोज नोंदी होतायत, माझं दुकान एवढं खराब झालंय का?" मी विचारलं, सगळ्यात जास्त नोंदी कशाच्या? दह्याचे मोठे डबे, सोमवारी आणि मंगळवारी. म्हणजे रविवारसाठी मागवलेले, न खपलेले. त्यांनी शनिवारची ऑर्डर कमी केली. ट्रेनिंगमध्ये मी हे शिकवलेलं नव्हतं, ते त्यांच्या रॅकवरच्या पोरानं वहीत लिहून दाखवलं.

तुम्ही अशा ठिकाणी काम करत असाल आणि तुमच्याकडे पगार कसा कापतात, सुट्टी मिळते की नाही, हे सांगायचं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. दुकानाचं नाव नको, तुमचंही नको. पुढच्या भागात तळणीच्या तेलावर बोलू, ते कधी फेकायचं आणि 25 टक्क्यांचा तो नियम काय आहे यावर. चला, भेटू!