पुराची होडी आणि तिचे गिअरघर
(भाषणाचा मजकूर)



हैदराबाद शहरातील अंबरपेठ ही वस्ती मुशी नदीच्या उत्तर काठाला आहे. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी शहर ओलांडते आणि पुढे कृष्णेस मिळते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे अंबरपेठेला लागून असलेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकून गेलेल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात मुशीचे नाव अजूनही येते.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी या नदीला जो महापूर आला, त्यात सुमारे पंधरा हजार माणसे दगावल्याचा अंदाज सांगितला जातो. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांची बरीच वर्षे सेवा झाली होती आणि खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे ही त्यांचीच कल्पना होती. त्यांच्या योजनेतून पुढे १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. तरीही ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीत मुशी पुन्हा फुगली, अंबरपेठेकडून मलकपेठेकडे जाणारा मुसारामबागचा पूल पाण्याखाली गेला आणि शहराच्या अनेक वस्त्यांतून माणसांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात हेच दृश्य महाराष्ट्राने पाहिले.

पुराच्या कामी येणारी होडी वर्षातले दहा-अकरा महिने गोदामात पडून असते. तिच्या नोंदवहीत ‘सुस्थितीत’ असा शेरा मारणे फारच सोपे असते. परंतु भर प्रवाहात इंजिनाचा आवाज चढावा आणि होडी जागची न हलावी, अशी वेळ आली म्हणजे त्या शेऱ्याचा काही उपयोग होत नाही. होडीत बसलेल्या बायामुलांना तर होडी का थांबली हेही कळत नसते. म्हणून या यंत्राच्या ज्या भागाकडे सहसा कोणी पाहत नाही, त्या गिअरघराचा विचार येथे करावयाचा आहे.

यांत्रिक होडीची रचना तीन प्रकारची असते. कोकणातील मासेमारीच्या ट्रॉलरमध्ये डिझेल इंजिन आणि गिअरपेटी दोन्ही होडीच्या पोटात असतात. पुराच्या रबरी होडीवर आउटबोर्ड यंत्र असते. ते सबंधच मागच्या फळीला टांगलेले असते. या दोहोंच्या मधला प्रकार म्हणजे स्टर्नड्राइव्ह होय. त्यात इंजिन होडीच्या आत आणि पंखा फिरवणारा पाय मागच्या फळीबाहेर असतो. १९५९ साली व्होल्व्हो पेंटा कंपनीने हा प्रकार बाजारात आणला आणि सहलीच्या वेगवान नौकांत तो रूढ झाला. आउटबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह यांचे खालचे गिअरघर मात्र जवळजवळ एकाच धर्तीचे असते. उभा दांडा वरून शक्ती आणतो, तिरप्या दात्यांची चक्रे ती आडव्या दांड्याकडे वळवतात आणि त्या दांड्यावर पंखा बसतो. हे सारे तेलात बुडालेले आणि तेलासकट पाण्यात बुडालेले असते. तेल आत आणि पाणी बाहेर ठेवण्याचे काम दांड्याभोवतीची रबरी ऑइल सील करते. एवढ्या मोठ्या यंत्राची भिस्त एवढ्याशा रबरी कड्यावर असावी, याचे नवल वाटते खरे.

मुशीसारख्या शहरी नदीत या कड्याचे वैरी पुष्कळ असतात. पुराच्या पाण्यात चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या, विजेच्या तारा आणि गळाची नायलॉनची तंगूस वाहत येते. तंगूस पंख्यामागे दांड्याला गुंडाळली गेली, की फिरता फिरता ती सीलच्या ओठात शिरते आणि तो कापते. बाहेरून काहीच दिसत नाही. पंखा काढल्याशिवाय ती सापडतही नाही. म्हणून प्रत्येक पुरानंतर पंखा काढून दांडा पाहणे हे पहिले काम समजावे. दांड्यावर सीलच्या जागी चर पडलेला असेल, तर नवी सील बसवूनही गळती थांबत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

गळती ओळखण्याची सोपी रीत अशी. यंत्र पुसून कोरडे करावे, ते उभ्या स्थितीत ठेवावे आणि खाली पांढरा कागद पसरून रात्रभर सोडावे. सकाळी डाग कोठे पडला आहे ते पाहावे. पंख्याच्या दांड्याखाली, निचऱ्याच्या बुचाखाली की गिअर बदलणाऱ्या सळईच्या रेषेत, यावरून जागेचा अंदाज येतो. मग द्रव कोणता हे ठरवावे. इंजिनचे वापरलेले तेल काळे असते. गिअर तेल दाट असून त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. स्टर्नड्राइव्हमध्ये पाय उचलणाऱ्या आणि सुकाणू वळवणाऱ्या द्रवचलित नळ्याही असतात; त्यांतला द्रव पातळ आणि पुष्कळदा तांबूस असतो. तेलांचे रंग कंपनीगणिक बदलतात; म्हणून रंगापेक्षा वासावर आणि बोटांत येणाऱ्या दाटपणावर अधिक विश्वास ठेवावा. स्टर्नड्राइव्हला आणखी एक खोड आहे. मागच्या फळीतून जाणाऱ्या सांध्यावर रबरी भाता असतो. तो उन्हाने तडकला की पाणी सांध्याच्या बेअरिंगात शिरते, आणि ते होडीतही येऊ शकते. भात्याची प्रत्येक घडी बोटांनी उघडून पाहावी. नुसत्या नजरेने भागत नाही.

तेल बाहेर येते त्यापेक्षा पाणी आत जाते हे अधिक वाईट. त्याची परीक्षा अशी, की यंत्र रात्रभर स्थिर ठेवून सकाळी खालचे बूच किंचित सैल करावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसलेले असते आणि आधी तेच बाहेर येते. तेल दुधाळ किंवा ताकासारखे दिसले, तर पाणी त्यात घुसळले गेले आहे असे निश्चित समजावे. अशा तेलाने बेअरिंगे गंजतात. बुचाच्या चुंबकावर काळसर मऊ लेप असेल तर चिंता नाही. मात्र टोचणारे तुकडे असतील तर दाते मोडू लागले आहेत. नवे तेल नेहमी खालच्या छिद्रातून पंपाने भरावे आणि वरच्या छिद्रातून ते वाहू लागेपर्यंत थांबू नये, म्हणजे आत हवा अडकत नाही. आधी वरचे बूच लावावे, मग खालचे, आणि दोन्हींचे वायसर नवे घालावेत. जुन्या वायसरवर केलेली काटकसर ही अनेक गळत्यांची जननी आहे. सीलची खात्री करावयाची असेल तर रिकाम्या गिअरघरात, यंत्राच्या पुस्तिकेत सांगितला असेल तेवढाच हवेचा दाब भरून साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे जेथे येतील तेथे दोष आहे.

आता घसरणीकडे वळू. इंजिन रेस होते आणि होडी सरकत नाही, याला लोक सरसकट ‘गिअर स्लिप मारतो’ असे म्हणतात. पुष्कळदा गिअर निर्दोष असतो. पंख्याच्या मधल्या नळीत धक्का झेलणारे रबर असते. पंखा दगडावर आपटला की हे रबर सुटते; दांडा फिरतो आणि पंखा मागे राहतो. मधल्या नळीपासून पंख्याच्या बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी आणि होडी जोर देऊन चालवून आणावी. रेघ तुटलेली दिसली तर दोष पंख्याचा आहे. त्यासाठी गिअरघर खोलण्याचे कारण नाही. लहान आउटबोर्ड यंत्रांत रबराऐवजी पिन असते. ती तुटते, म्हणून होडीत जादा पिन ठेवावी. यंत्र फळीवर फार उंच बसवले असेल, तर वळणावर पंखा हवा ओढतो आणि तसाच भास होतो.

रेघ जागेवर राहिली तर मग गिअर तपासावा. इंजिन बंद, किल्ली काढलेली आणि स्पार्क प्लगच्या तारा सुटलेल्या असल्याशिवाय पंख्याला हात लावू नये. यात हयगय केल्याने माणसांची बोटे गेली आहेत. मोकळ्या गिअरमध्ये पंखा हाताने सहज फिरला पाहिजे. पुढच्या गिअरमध्ये तो एका दिशेला घट्ट अडला पाहिजे. अडत नसेल तर आधी केबलची लांबी पाहावी. केबल सैल असल्याने गिअर अर्धाच पडतो. गिअर पडून ‘खट्’ आवाजाने निसटत असेल, तर आतल्या खाचेदार क्लचच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत. हा दोष बहुधा हाताळणीतून येतो. चालक यंत्राला जपावे म्हणून गिअर हळूहळू टाकतात आणि त्यामुळेच कडा एकमेकींवर घासतात. इंजिन मंद करून गिअर एका झटक्यात टाकणे हीच खरी जपणूक होय. स्टर्नड्राइव्हच्या काही प्रकारांत शंकूच्या आकाराचा क्लच असतो, तो गुळगुळीत झाला की घसरतो. इंजिनालगतचे रबरी कपलिंग जळाल्यास रबराचा वास येतो. ट्रॉलरच्या द्रवचलित गिअरपेटीत तेलाचा दाब उतरला की क्लचच्या चकत्या घसरतात. तेथे पहिले पाहणे तेलाच्या पातळीचे.

काढलेले तेल नाल्यात ओतू नये, हे सांगावे लागते याचे वाईट वाटते. अंबरपेठेत रोज ३३९ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचे केंद्र आहे. तेथील शुद्धीकरण सूक्ष्म जीवांवर चालते आणि तेल त्यांना मारक ठरते. वापरलेले तेल डब्यात भरून ते घेणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्यावे.

होडीच्या नोंदवहीत ‘सुस्थितीत’ या शब्दाऐवजी चार गोष्टी लिहाव्यात : तेल कोणत्या तारखेस काढले, त्याचा रंग कसा होता, किती भरले आणि पंखा काढून दांडा कोणी पाहिला. ही तपासणी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात व्हावी, कारण सील मागवावी लागली तर ती येण्यास अवधी लागतो. यंत्र कितीही चांगले असले, तरी दोन वल्ही आणि लांब दोर होडीत असल्याखेरीज ती पाण्यात सोडू नये.