डॉक्टर, माईक तुमच्यासमोर आहे

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांतच लाखो लोकांनी शहर सोडलं. पाण्यात विष कालवल्याची आवई उठली, दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झालं. मृत्यू मात्र ५०च्या आसपास होते. घबराट रोगाहून वेगाने पसरली.

अशा वेळी डॉक्टरांसमोर माईक येतो. ‘परिस्थिती नियंत्रणात आहे’ या वाक्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही, हे माझं स्पष्ट मत. त्यापेक्षा पहिलंच वाक्य कामाचं हवं: ‘हा प्लेग औषधाने बरा होतो, पण लक्षणं दिसल्यापासून २४ तासांत उपचार सुरू व्हायला हवेत. ताप असेल, थुंकीत रक्त दिसलं, तर लगेच या.’ आकडा पक्का नसेल तर ‘तपासून संध्याकाळी सांगतो’ म्हणा, आणि संध्याकाळी खरंच सांगा! वार्ताहराने अफवा विचारली, तर तिचे शब्द पुन्हा उच्चारू नका. बातमीत नेमका तोच तुकडा वाजतो.

सराव सोपा आहे. सहकाऱ्याला खोचक प्रश्न विचारायला लावा, मोबाईलवर उत्तरं रेकॉर्ड करा आणि घरच्यांना ऐकवा. त्यांना कळली नाहीत, तर पुन्हा बोला. हे साथ येण्याआधीच करून ठेवा.