साखळी कोणाच्या हातात?

(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी कुत्र्याविषयी बोलणार आहे. हसू नका. कुत्रा आपल्या सर्वांच्या ओळखीचा. तो मळ्याची राखण करतो. धनगराच्या मेंढ्यांमागे रानोमाळ हिंडतो. सांगली, सोलापूरकडचा उंच, सडपातळ कारवान कुत्रा तर धावण्यासाठी नावाजलेला आहे. खंडोबाच्या पायाशीही कुत्र्याला जागा आहे.

"मग त्याच्यावर भाषण कशाला?" असे तुम्ही म्हणाल. भाषण कुत्र्यावर नाही हो. कुत्रा पाळणाऱ्यावर आहे. आणि सुरुवात मी माझ्यापासूनच करतो.

दोन पावसाळ्यांमागची गोष्ट. माझ्या घरी वाघ्या नावाचा कुत्रा होता. गावठीच, पण अंगाने दांडगा. त्याची साखळी झिजली होती. नवी आणायची, आणायची, म्हणता म्हणता महिना गेला. मी आपला त्याला सुतळीने बांधत होतो. त्याला लसही टोचायची राहिली होती. गुरांचा दवाखाना काही फार लांब नव्हता. पण आज नेऊ, उद्या नेऊ, असे चालले होते.

एके दिवशी सकाळी शेजारच्या आजींची नात दुधाचा तांब्या घेऊन अंगणात आली. पोर आठ वर्षांची. वाघ्याने हिसका दिला. सुतळी तुटली. मी धावलो, पण तोवर त्याने तिच्या पोटरीचा लचका तोडला होता.

माणसे गोळा झाली. कोणी मिरचीपूड आणली, कोणी चुना आणला. कोणी काठ्या घेऊन आले आणि म्हणाले, "आधी त्या कुत्र्याला मारून टाका." नशीब असे की आमच्या आशाताई तेवढ्यात आल्या. त्यांनी मिरची आणि चुना बाजूला ठेवायला लावले. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुतली. चांगली १५ मिनिटे धुतली. काठ्यावाल्यांना त्या म्हणाल्या, "कुत्र्याला मारू नका. बांधून ठेवा. १० दिवस त्याच्यावर नजर ठेवायची आहे."

आम्ही पोरीला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जखमेत एक औषध टोचले आणि दंडात लस दिली. पुढच्या तारखा कागदावर लिहून दिल्या. म्हणाले, "एकही तारीख चुकवू नका. पिसाळी एकदा अंगात दिसू लागली की माणूस वाचत नाही. त्याआधी लस घेतली तर माणूस वाचतो."

मंडळी, ते १० दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. रोज पहाटे उठून वाघ्याकडे पाहायचे. पाणी पितो का? भाकरी खातो का? लाळ गळते का? कुत्रा पिसाळलेला असेल तर तो बहुधा या १० दिवसांत मरतो. वाघ्या धडधाकट राहिला. पोरीनेही लसीच्या सगळ्या तारखा पाळल्या.

त्या दिवसांत पारावर एकजण मला म्हणाला, "गुरुजी, कशाला एवढे घाबरता? कायदा आहे तो विलायती कुत्र्यांना. गावठी कुत्र्याला कसला कायदा?"

मलाही तेव्हा नीटसे माहीत नव्हते. मग मी विचारपूस केली, वाचले. जे कळले ते तुम्हाला सांगतो.

विलायती कुत्र्यांची गोष्ट अशी. २०२२ च्या जुलैमध्ये लखनौला एका घरात पाळलेल्या पिटबुल जातीच्या कुत्र्याने घरातल्याच वृद्ध बाईंचा जीव घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गाझियाबादच्या महापालिकेने ठराव केला, की पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो या ३ जाती शहरात पाळू नयेत. पुढे १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुपालन खात्याने सर्व राज्यांना पत्र लिहिले. पत्रात २३ जातींची यादी होती. या जातींचे कुत्रे आणू नयेत, विकू नयेत, त्यांची पैदास करू नये, जे आधीच घरात आहेत त्यांची नसबंदी करावी, असे त्यात म्हटले होते.

लोक न्यायालयात गेले. एप्रिल २०२४ मध्ये आधी कर्नाटकाच्या आणि मग दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरवले. कारण काय? ज्यांच्या घरी हे कुत्रे आहेत त्यांचे म्हणणे कोणी ऐकूनच घेतले नव्हते. आधी लोकांचे ऐका, मग ठरवा, असे न्यायालयाचे सांगणे होते.

आता तुम्ही म्हणाल, "पत्र रद्द झाले, मग पाळणारा मोकळा झाला!" इथेच आपली चूक होते. जातीची यादी असो वा नसो, पाळणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही. ती फार जुनी आहे. इंग्रजांच्या काळच्या दंडसंहितेत ती होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या २९१ व्या कलमात ती आहे. हे कलम काय सांगते? आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये, त्याला जबर दुखापत होऊ नये, म्हणून पुरेशी काळजी घ्या. जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने ती घेतली नाही, तर ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यातले दोन शब्द नीट ऐका. पहिला शब्द 'ताब्यातले'. कुत्रा कोणाच्या पैशाने आणला, एवढेच कायदा विचारत नाही. तो कोणाच्या ताब्यात होता, हे विचारतो. म्हणजे साखळी मुलाच्या हाती असेल किंवा राखणदाराच्या हाती असेल, तर त्यालाही जबाबदारी आली. दुसरा शब्द 'निष्काळजीपणा'. "मी मुद्दाम सोडला नव्हता हो," एवढे म्हणून माणूस सुटत नाही. मीही वाघ्याला मुद्दाम सोडले नव्हते. मी फक्त सुतळीने बांधले होते.

आणि या कलमात कुत्र्याची जात लिहिलेली नाही. पिटबुल नाही, गावठी नाही. फक्त 'जनावर' आहे. रस्त्यात मारके गुरू मोकळे सोडणाऱ्यालाही हेच कलम.

शिक्षा खरोखर होते का? होते. मुंबईत २०१० साली एका रॉटवायलर कुत्र्याने एका वृद्ध गृहस्थाला चावे घेतले. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने कुत्र्याच्या मालकाला ३ महिन्यांची कैद सांगितली. मुंबईतच २०१८ साली एकाने आपला हस्की जातीचा कुत्रा लिफ्टमध्ये ओढत नेला. शेजारी नको नको म्हणत होता. कुत्रा त्याला चावला. २०२५ मध्ये त्या मालकाला ४ महिन्यांची कैद झाली. आणि पाहा, हस्कीचे नाव त्या २३ जातींत नव्हतेच.

मुंबई, पुणे अशा महापालिकांच्या हद्दीत पाळीव कुत्र्याचा परवानाही घ्यावा लागतो. त्याला लस टोचल्याचा दाखला लागतो. आपल्या गावी काय नियम आहे ते ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत. चावरा कुत्रा तोंडाला मुसके न घालता रस्त्यावर सोडू नये, असे आपल्या राज्याच्या १९५१ च्या पोलीस कायद्यातही आहे. भांडणात दुसऱ्याच्या अंगावर कुत्रा घालणे, हा तर सरळ गुन्हाच आहे.

आता दुसरी बाजू. काही लोक एवढे ऐकून घाबरतात आणि कुत्र्याला दिवसरात्र आखूड साखळीने जखडून ठेवतात. हेही चूक. १९६० च्या कायद्याने जनावराला क्रूरपणे वागवणे हा गुन्हा आहे. फार वेळ आखूड किंवा जड साखळीने बांधणे, उपाशी ठेवणे, पाणी न देणे, आसरा न देणे, हे सारे त्यात आले. आणि जखडलेला कुत्रा शांत होत नाही. तो जास्तच चिडका होतो.

आणखी एक चाल आहे. कुत्रा चावरा निघाला की पोत्यात घालायचा आणि चार कोसांवर नेऊन सोडून द्यायचा. "गेली पीडा!" असे म्हणायचे. पीडा गेली कुठे? ती दुसऱ्या गावच्या पोरांच्या वाटेवर बसली. पाळलेले जनावर असे टाकून देणे हाही गुन्हा आहे. त्याला काठ्यांनी मारून टाकणे हा त्याहून मोठा गुन्हा आहे.

मग करायचे काय? फार थोडे. पिल्लू ३ महिन्यांचे झाले की लस टोचून आणा. मग दर वर्षी टोचा आणि दाखला जपून ठेवा. गळ्यात मजबूत पट्टा घाला. रस्त्यावर नेताना साखळी मोठ्या माणसाच्या हाती द्या, लहान पोराच्या हाती नको. दारावर पाटी लावा, 'कुत्रा आहे'. तुम्ही आता ती पाटी स्वतः लिहू शकता. आणि एवढे करूनही कोणाला चावला, तर लपवू नका. जखम साबणाने धुवा, माणसाला दवाखान्यात न्या, कुत्र्याला १० दिवस बांधून नजर ठेवा. खर्च आपला आहे, असे आपणच पुढे होऊन म्हणा. समोरच्याने दिवाणी न्यायालयात भरपाई मागितली, तर ती द्यावी लागू शकते. पण तिथवर कशाला जायचे?

आजींनी माझ्यावर फिर्याद केली नाही. म्हणून मी सुटलो. कायद्याने सुटलो असतो, असे मला वाटत नाही. लसीची शेवटची तारीख झाली, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो आणि हात जोडले. म्हणालो, "आजी, माझी चूक झाली."

त्या म्हणाल्या, "गुरुजी, पोर वाचली, देव पावला. तुमच्याशी माझं भांडण न्हाई. पण ती आता तुमच्या दारावरनं जात न्हाई बघा. मळ्याकडनं वळसा घालून शाळंत जाते."

दुसऱ्याच दिवशी मी नवी साखळी आणली. १४० रुपये पडले. वाघ्याला लसही टोचली. पुढे तो कोणाला चावला नाही.

पण ती पोर अजूनही मळ्याकडूनच शाळेत जाते. मी ओट्यावर बसलेला असतो आणि ती दुरून जाताना मला दिसते. त्या वेळी मला त्या सुतळीची आठवण होते.

तुमच्या घरी कुत्रा असेल, तर आज घरी गेल्यावर एवढेच करा. कंदील घ्या, नाहीतर बॅटरी घ्या, आणि त्याची साखळी एकदा हातात धरून पाहा.