नव्याने सरकून बसायचे
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'कामाबद्दल बोल, पण झोप येऊ देऊ नकोस' अशी ताकीद दिली आहे. माझे काम एका वाक्याचे आहे. सातपूर एमआयडीसीतल्या गाळ्यांमध्ये जे जुने संगणक अजून यंत्रे चालवतात, ते मी चालू ठेवतो.

आपल्याच वर्गातल्या एका मित्राचा स्प्रिंगचा कारखाना आहे. तो समोर बसला आहे, नाव सांगायचे नाही असा त्याचा हुकूम आहे. त्याच्याकडे स्प्रिंगचा दाब मोजणारे यंत्र आहे आणि त्याला एक 486 संगणक जोडलेला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. "हार्ड डिस्क करकर वाजतेय. ती गेली तर माल तपासता येणार नाही, आणि तपासल्याशिवाय गिऱ्हाईक माल घेत नाही." गाळ्यात आठ माणसे कामाला. नवे यंत्र घ्यायचे तर कर्ज काढावे लागणार होते.

तुम्ही म्हणाल, नवा संगणक घ्यायचा. अडचण अशी, की दाब मोजणारे कार्ड जुन्या आयएसए स्लॉटमध्ये बसते, आणि आजच्या साध्या संगणकात तो स्लॉटच नसतो. या स्लॉटची गोष्ट मला आवडते. 1981 साली आयबीएम पीसी आला तेव्हा त्यात 62 संपर्कांचा स्लॉट होता. 1984 साली एटी आला, तेव्हा जास्त संपर्क हवे होते. त्यांनी जुना स्लॉट मोडला नाही. तो होता तसा ठेवून त्याच्या पुढे 36 संपर्कांचा छोटा तुकडा जोडला. त्यामुळे बहुतेक जुनी कार्डे नव्या संगणकातही चालली.

म्हणून संगणक तोच ठेवून फक्त डिस्क बदलायची ठरवली. सगळ्यात आधी जुन्या डिस्कची पूर्ण नकल काढली, कारण मोजणीचा प्रोग्रॅम दुसरीकडे कुठेच नव्हता. फ्लॉपीला केव्हाच बुरशी लागली होती. मग कॅमेऱ्यात वापरतात ते 4 जीबीचे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड डिस्कच्या जागी लावले. संगणक सुरुवातीलाच अडकला. त्याच्या बायॉसला 1024 सिलिंडर, 16 हेड आणि 63 सेक्टर यापलीकडे मोजता येत नव्हते. म्हणजे साधारण 528 दशलक्ष बाइट. त्याहून मोठे काही असू शकते हेच त्याला ठाऊक नव्हते.

यावर उपाय हौशी लोकांनी काढलेला आहे. ते आजही आयएसए स्लॉटसाठी नवी कार्डे बनवतात. कार्डावर फ्लॅशची जागा असते आणि मोठी डिस्क ओळखायला शिकवणारी एक चिप असते. ते कार्ड बसवले, बायॉसमध्ये 'हार्ड डिस्क नाही' असे लिहिले, आणि काही सेकंदांत डॉस उघडले. मित्राने चहा सांगितला. मी पैशांचा विषय काढणार, एवढ्यात यंत्रावरचे काका म्हणाले, "साहेब, मास्टर लावून बघू द्या."

मास्टर म्हणजे दाब पक्का माहीत असलेली प्रमाणित स्प्रिंग. काका रोज सकाळी आधी ती लावतात. लावली, तर आकडा भलताच. पुन्हा लावली, तर तिसराच.

चूक माझी होती. या जुन्या संगणकात प्रत्येक कार्डाला ठरलेला पत्ता असतो. मोजणीच्या कार्डाचा पत्ता होता 310, सोळाच्या पायातला. माझ्या कार्डाने 300 पासून पुढचे 32 पत्ते अडवले होते. आपल्या वर्गात सर हजेरीला सतरा नंबर पुकारायचे आणि दोन बाकांवरून एकदम 'हजर' यायचे, तसे झाले. सरांना तरी ओरडता यायचे, संगणक दोन्ही उत्तरे मिसळून एक आकडा छापत होता. काकांनी मास्टर लावली नसती, तर चांगला माल भंगारात आणि वाईट माल गिऱ्हाइकाकडे गेला असता.

आता सरकायचे कोणी? जुन्या प्रोग्रॅममध्ये 310 पक्के लिहिलेले, आणि तो लिहिणाऱ्याचा पत्ता लागत नाही. जुन्याला हलता येत नव्हते. नव्याला येत होते. कार्डावरचे छोटे जंपर बदलून त्याला 320 वर बसवले. मास्टरचा आकडा जुळला. काकांनी ती तीन वेळा लावली, मगच मान हलवली.

त्या दिवसापासून माझा नियम आहे. जुन्या यंत्रात नवे कार्ड घालण्याआधी आत कोण कुठे बसले आहे ते विचारायचे, वहीत लिहायचे, आणि काम झाले असे मी म्हणायचे नाही, यंत्रावरच्या माणसाने म्हणायचे.

खोटा दिलासा देत नाही. मोजणीचे ते कार्ड एकुलते एक आहे. ते गेले की खेळ संपला, म्हणून मित्र हळूहळू नव्या यंत्रासाठी पैसे बाजूला टाकतो आहे. फ्लॅश कार्डाने त्याला तेवढी सवड मिळवून दिली.

उद्या सकाळी गाळा उघडेल, आणि काका आधी मास्टर लावतील.